आडोशाचा फासा

ग्लासात सातवा चमचा मीठ विरघळलं तेव्हा कुठे फासा तळ सोडून वर आला. चैतालीनं त्याला बोटानं हलकी टिचकी मारली. फासा पाण्यात गरकन फिरला आणि चौदाचा आकडा वर करून थांबला. तिनं पुन्हा टिचकी मारली. दोन. पुन्हा मारली. एकोणीस. ओट्यावरच्या कागदावर ती आकडे टिपत गेली. फाशाच्या एका अंगाला चोरून वजन घातलेलं असतं, तर तेच अंग दर वेळी खाली गेलं असतं आणि वर ठरावीक आकडा आला असता. चाळीस टिचक्या झाल्या तरी तसं काही होईना. वीस बाजूंचा तो निळा फासा अगदी सज्जन निघाला, आणि चैतालीच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली.

फासा शुभंकरचा होता. काल, रविवारी, खेळ संपल्यावर आवराआवर करताना तिनं तो कुर्त्याच्या खिशात टाकला होता. तिच्या खात्याच्या भाषेत याला नमुना ताब्यात घेणं म्हणतात. साध्या मराठीत चोरी.

खातं म्हणजे वजनमापं तपासणारं सरकारी खातं. चैताली तिथं निरीक्षक होती. नऊ वर्षांच्या नोकरीत तिनं पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं पाहिली होती, आतून पोखरून पुन्हा बुजवलेली वजनं पाहिली होती आणि छातीवर हात ठेवून ‘मॅडम, काटा चोख आहे’ असं सांगणारे कित्येक दुकानदार पाहिले होते. काटा चोख निघाला की माणूस तपासायचा, हे ती तिथंच शिकली. फासा चोख होता. म्हणजे आता शुभंकर उरला.

"काय करतेस?"

सीताराम स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. वडील कधी येऊन उभे राहतात ते तिला कधीच कळत नसे. तिनं ग्लासावर तळहात ठेवला.

"मिठाचं पाणी, पप्पा. घसा धरलाय."

"त्याला पाणी गरम लागतं," ते म्हणाले आणि फ्रिजमधली बाटली घेऊन बाहेर गेले.

बाहेरच्या खोलीत ते दोरखंडाचा हिशोब करत बसले होते. साठ फूट दोर, त्याला लोंबकळणारी दोन माणसं, एक पेटी आणि भिजलेल्या दोराचं वाढलेलं वजन. हा दोर कुठेही अस्तित्वात नव्हता. तो एका खेळातला होता.

खेळ असा, की टेबलाभोवती चार माणसं बसतात. तिघं एकेक पात्र घेतात. चौथा गोष्ट चालवतो. समोर नदी आहे की दरोडेखोर, पाऊस आहे की ऊन, हे तो सांगतो. आपलं पात्र काय करणार ते खेळणाऱ्यानं ठरवायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशानं. गोष्ट चालवणाऱ्याला तरुण मंडळी ‘डीएम’ म्हणत. सीताराम ‘मास्तर’ म्हणत. मास्तर म्हणजे शुभंकर, चैतालीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा, उत्कर्षाचा, धाकटा भाऊ. दोघं अमरावतीचे. मांजरी गावात उसाच्या शेतांना खेटून उभ्या राहिलेल्या एका नव्या सोसायटीत ते राहत आणि शुभंकर तिथून रोज हिंजवडीला जाऊन येई, म्हणजे दिवसाचे चार तास बसमध्ये काढी. गोष्टी त्याला तिथंच सुचत असाव्यात.

सीताराम या खेळात आले ते अपघातानं. चैतालीची आई, शालन, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेली. सहा महिन्यांनी सीताराम कारखान्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं तपासणी विभागात काढलेला हा माणूस मग विश्रांतवाडीतल्या दोन खोल्यांत बंद टीव्हीसमोर बसून राहू लागला. टीव्ही लावून दिला तर ते उठून तो बंद करत आणि पुन्हा त्याच्याचसमोर बसत. एका रविवारी चैतालीनं त्यांना घरात एकटं ठेवण्यापेक्षा बरं म्हणून मांजरीला नेलं आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवलं. खेळ सुरू झाला. दोघींच्या पात्रांना दोर लावून विहिरीत उतरायचं होतं. शुभंकर वर्णन रंगवत असताना सोफ्यावरून आवाज आला, "दोर कशाचा आहे?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काथ्याचा की अंबाडीचा? आणि कोरडा आहे का?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. शुभंकरचा चेहरा मात्र उजळला. खरेपणाचं त्यालाही वेड होतं. त्याच्या गोष्टीत बैलांना तहान लागे, जखमा चिघळत, भिजलेली बंदुकीची दारू पेट घेत नसे. तो उठला, टेबलाशी खुर्ची ओढून म्हणाला, "काका, इकडे या न बसायला."

त्या दिवशी महिपती वाटाड्याचा जन्म झाला. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा अधू, हातात काठी. शुभंकर त्याला तलवार देत होता, ती सीतारामांनी परत केली. "तलवार नको. त्याला वाटा माहीत असू देत," ते म्हणाले. गेलं सव्वा वर्ष महिपती मिठाच्या तांड्याला घाटांतून वाट दाखवत होता, आणि सीताराम सोमवार ते शनिवार ती वाट शोधत होते. ते नकाशे काढत, विहाराच्या वाचनालयातून घाटांवरची पुस्तकं आणत, जेवताना बोलत. बंद टीव्हीवर धूळ बसली होती आणि ती पुसावी असं चैतालीला वाटत नव्हतं.

आणि हाच महिपती मरता मरत नव्हता. पुरात वाहून गेला, वाचला. बाण लागला, तो खांद्यात. बिबट्यानं झडप घातली, ती चुकली. हे तिन्ही फासे शुभंकरनं स्वतःसमोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्यामागे टाकले होते. असा पुठ्ठा सगळेच मास्तर लावतात; त्यामागे गोष्टीचे कागद आणि नकाशे झाकलेले असतात. सीताराम त्याला ‘आडोसा’ म्हणत. चैतालीच्या मनात पाल चुकचुकली ती बिबट्याच्या वेळी. तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. उत्कर्षाच्या पात्राला लागायचं तेव्हा नेमानं लागे. तिच्या स्वतःच्या पात्राचे दोन दात पडले होते. महिपतीला मात्र काही होत नसे.

बिचारे काका, असं शुभंकर मनात म्हणत असणार. बायको गेली, एवढाच एक विरंगुळा आहे, कशाला मारायचं. हे नुसतं मनात आलं तरी चैतालीच्या अंगाचा तिळपापड होई. सीतारामांना बसमध्ये कुणी उठून जागा दिली, तर ते ‘मी उभा राहू शकतो’ म्हणत आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उभे राहत. रिकामी सीट तशीच जाई. वर्षभर आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं हे त्यांना कळलं, तर महिपतीचा कागद घडी करून ते शुभंकरच्या हातात देतील, आभार मानतील आणि पुन्हा मांजरीला पाऊल ठेवणार नाहीत. मग तो टीव्ही आणि ते. तिला भीती होती ती याची.

आणखी एक गोष्ट होती, पण तिच्याजवळ चैताली फारशी जात नसे. शालनचे रिपोर्ट आले त्या मार्चमध्ये डॉक्टरांच्या केबिनमध्ये चैताली आणि शालन अशा दोघीच होत्या. सीताराम कामावर होते. डॉक्टरांनी जे सांगितलं ते चैतालीनं संध्याकाळी घरी सांगितलं नाही. औषधं सुरू केली आहेत, वेळ लागेल, पण बरं वाटेल, एवढंच सांगितलं. शालननं तिच्याकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. उद्या सांगू, असं चैतालीनं स्वतःशी ठरवलं, आणि असे पुष्कळ उद्या गेले. नंतर सीतारामांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी नाही, पुढेही नाही. त्यांना काही संशय आहे की नाही हे तिला कळत नव्हतं, आणि चौतीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाला संशय येत नाही यावर तिचा विश्वासही बसत नव्हता.

पुढच्या रविवारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, तिनं शुभंकरला गॅलरीत गाठलं. तो दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. आत सीताराम उत्कर्षाला गाठींचे प्रकार दाखवत होते.

"हा तुझा फासा. मी नेला होता."

"पाहिलं न मी खिशात टाकताना," शुभंकर म्हणाला. "म्हटलं, वजन करायला नेला असेल."

"फासा बरोबर आहे. खोटा तू आहेस."

त्यानं टॉवेलाची घडी घातली. ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा घातली.

"बिबट्याच्या वेळी किती पडले होते?"

"विसरलो."

"शुभंकर."

"अठरा. बिबट्याला बाराच पुरे होते."

"म्हणजे महिपती गेला होता."

"कागदावर गेला होता." तो आतल्या दिशेनं पाहून आवाज खाली आणत म्हणाला, "आता काय करू मी, चैतालीताई? काकांनी तीन आठवडे त्या वाटेचा अभ्यास केला. कुठं थांबायचं, कुठं पाणी, सगळं. एवढं सगळं नीट केलेला माणूस झुडपातल्या जनावरापायी मरून राहिला, तर त्याच्या गोष्टीचं काय झालं? काहीच नाही झालं."

"तूच म्हणतोस ना, आपल्या टेबलावर सगळं खऱ्यासारखं. बैलाला पाणी पाजलं नाही तर बैल मरतो."

"खरेपणा मी कशापायी ठेवतो? तो दोर तपासतात न, त्याला अर्थ यावा म्हणून. पण शेवट मला त्यांचा मोठा करायचा आहे. त्यांना शोभेल असा."

"माणसं अशीच मरतात, शुभंकर. झुडपातल्या जनावरानं."

त्यानं घडी घातलेला टॉवेल उगाच पुन्हा उलगडला. शालनच्या पुण्यानुमोदनाला तो आला होता, पंगतीत त्यानं वाढलंही होतं. चैतालीलाही बोलून गेल्याचं वाईट वाटलं, पण तिनं माघार घेतली नाही.

"त्यांना दया नकोय. कळलं तर त्याच दिवशी बंद करतील. आज पुठ्ठा काढ आणि फासे उघड्यावर टाक."

"दया कोण करून राहिलं?" शुभंकर पहिल्यांदाच चिडला. "असं कर. पुढच्या रविवारी तूच बस माझ्या खुर्चीत. मी तांड्यात हमाल म्हणून येतो. बघू किती वेळ उघड्यावर राहतेस."

"दिवसभर राहीन," चैताली म्हणाली. आणि ती तसं मनापासून म्हणाली होती.

पूर्ण आठवडा तिनं तयारी केली. ऑफिसातून आल्यावर ती दार लोटून बसे आणि सीताराम समजूतदारपणे तिकडे फिरकत नसत. तिनं घाटाचा एक तुटलेला टप्पा रचला. पायाखाली कड्यातली हातभर रुंद वाट, तिच्या उजव्या अंगाला ठिसूळ खडक आणि खाली दोनशे फूट दरी. फासा सहा किंवा त्याहून जास्त आला तर माणूस पलीकडे. पाच किंवा त्याहून कमी आला तर खडक सुटतो. तिनं कागदावर लिहिलं : ‘दोनशे फूट. वाचत नाही.’ मग ‘वाचत नाही’खाली रेघ ओढली. शुभंकरसारखी पळवाट ठेवायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी दहाला ती त्याच्या खुर्चीत बसली. नकाशा झाकायला पुठ्ठा लागणारच होता, तो तिनं एका बाजूला उभा केला आणि जाहीर केलं, "आजचे सगळे फासे सगळ्यांसमोर."

"बरं," सीताराम म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.

सकाळ सुरेख गेली. पूर्णिमा नावाची उत्कर्षाची लढवय्यी ओढा ओलांडताना घोडा गमावून बसली. उत्कर्षानं हात जोडून विनवलं तरी चैतालीनं घोडा परत दिला नाही. शुभंकरच्या हमालाची दोन बोटं सापळ्यात गेली. फासा टेबलावर घरंगळायचा, चारही डोकी त्याच्यावर झुकायची, आणि जे वर यायचं ते यायचं. त्यात एक वेगळीच धुंदी होती. सीताराम तर दहा वर्षांनी लहान दिसत होते. हे असंच करायला हवं होतं, चैतालीला वाटलं, आणि शुभंकरकडे तिनं जरा जिंकल्यासारखं पाहिलं.

साडेबाराच्या सुमारास तांडा त्या तुटक्या टप्प्याशी आला. मागून शिपाई येत होते. कुणीतरी कड्यावरून पलीकडे जाऊन दोर बांधायचा, म्हणजे बाकीच्यांना त्याला धरून जाता येईल, असा तो पेच होता. चैतालीच्या हिशोबानं हे काम पूर्णिमाचं होतं. ती तरुण होती, चपळ होती.

"महिपती जाईल," सीताराम म्हणाले.

"पप्पा, त्याचा गुडघा."

"गुडघा माहीत आहे मला."

"काका, मी जाते ना," उत्कर्षा म्हणाली. "पूर्णिमा एका उडीत जाईल."

"पूर्णिमाला वाट माहीत नाही. उडी मारून काय करेल?"

"उजवीकडचा खडक ठिसूळ आहे," चैताली म्हणाली. "हे मी आधीच सांगून ठेवते."

"ऐकलं," सीताराम म्हणाले. "महिपतीनं काठी इकडेच ठेवली. दोर कमरेला बांधला नाही, हातात घेतला. पडला तर बाकीचे ओढले जायला नकोत. चाललाय तो."

चैतालीनं फासा उचलला. कड्यासाठी सहा पाहिजेत, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. वडील टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसले होते, कारखान्यात एखाद्या नगाचं माप घेताना बसत असतील तसे. त्यांच्यासमोर महिपतीचा कागद होता, सव्वा वर्षात इतक्या वेळा खोडून लिहिलेला की मधे भोक पडायला आलं होतं. तिचा हात हलला आणि तिनं फासा टाकला. तो पुठ्ठ्याच्या आत पडला.

तीन.

ती त्या तीनकडे बघत राहिली. त्याच्या बाजूलाच तिच्याच अक्षरात ‘वाचत नाही’ लिहिलेलं होतं. मग जे सुचलं ते ती भराभर बोलली.

"पाय घसरला. उजवीकडचा खडक सुटला. पण हाताला एक मूळ लागलं, ते त्यानं गच्च धरलं, आणि... तो पलीकडे पोचला."

उत्कर्षानं टाळ्या वाजवल्या. शुभंकरनं मान वर केली नाही. तो कागदावर आपल्या हमालाच्या मिशा गडद करत बसला होता.

"कसलं मूळ?" सीतारामांनी विचारलं.

"उंबराचं."

"कड्यावर."

"कपारीत येतो उंबर, पप्पा."

"येतो," ते म्हणाले. मग त्यांनी पलीकडे दोर बांधला. गाठ कुठली, किती वेढे, सगळं नीट सांगितलं. दीड वाजेपर्यंत ते व्यवस्थित खेळले, एकदा हसलेही. निघताना शुभंकर लिफ्टपर्यंत आला. चैताली त्याच्या तोंडून येणाऱ्या शब्दाची वाट बघत होती. त्यानं फक्त विचारलं, "पुढच्या रविवारी कोण चालवणार?"

"तूच," ती म्हणाली.

स्कूटर चैताली चालवत होती, मागे सीताराम. मांजरीपासून मुंढव्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. एरवी या रस्त्यावर ते तिच्या कानाशी झुकून सगळा खेळ पुन्हा सांगत, तीही तिथंच होती हे विसरून. आज मागं नुसता हेल्मेट घातलेला माणूस बसला होता. आरशात त्यांचा खांदा तेवढा दिसत होता. झोप येत असेल, ऊन लागलं असेल, अशी कारणं तिनं एकेक करून काढली आणि एकावरही तिचा विश्वास बसला नाही.

पुलाच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. नव्वद सेकंद उलटे मोजले जाऊ लागले.

"किती पडले होते?" सीतारामांनी विचारलं.

नऊ म्हणावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. नऊ हा चांगला आकडा होता. फार मोठा नाही, संशय येण्यासारखा नाही.

"तीन."

"म्हणजे मेला."

"हो."

"सकाळपासून वीस-बावीस फासे टाकलेस. सगळे समोर. एकच आत टाकलास." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, राग नव्हता त्यात. "तपासणीत आम्ही हेच बघायचो. शंभर नग इथं ठेवलेत, मग हा एकच तिकडे का ठेवलाय."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला आणि चैतालीनं गाडी पुढे काढली. पूल ओलांडेपर्यंत वाऱ्यात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. आता संपलं, तिला वाटलं. आता हे मांजरीला येणार नाहीत. उद्यापासून टीव्ही. तिचे डोळे भरून आले आणि हेल्मेटच्या काचेआड ते पुसताही येईनात. पूल संपल्यावर रहदारी जरा थंडावली, तसे ते पुढे झुकले.

"चैताली, डॉक्टर किती म्हणाले होते?"

कुठले डॉक्टर, कधी, हे तिनं विचारलं नाही. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला, एका बंद गॅरेजसमोरच्या कडुनिंबाखाली घेतली, पाय टेकले आणि पुढेच बघत म्हणाली, "अडीच महिने."

"तिला माहीत होतं?"

"हो. ती आतच होती."

सीताराम गाडीवरून उतरले. त्यांनी हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांत धरून ते त्याच्या आतल्या बाजूकडे पाहत राहिले. शेजारून एक ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत ते थांबले.

"एकशे चाळीस रजा शिल्लक होत्या माझ्या," ते म्हणाले. "ती उठली की बुद्धगयेला जायचं म्हणून साठवत होतो. त्या अडीच महिन्यांत एकसुद्धा घेतली नाही."

"पप्पा, मी..."

"नाही. ते नको." त्यांनी मान हलवली. "मी कामावर असायचो तेव्हा दुपारची काय बोलायची ती?"

"काहीबाही बोलायची."

"काहीबाही नको. मुळं-बिळं लावू नकोस त्याला. जसं झालं तसं सांग."

चैतालीनं गाडी बंद केली आणि स्टँडवर लावली. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, म्हणून तिनं पहिल्या दिवसापासून केली.

"दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी आईनं आधी तुमचा आदल्या दिवशीचा डबा घासला. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, आता ह्यांना भाजी चिरायला शिकवली पाहिजे."

सीतारामांनी हेल्मेट गाडीच्या सीटवर ठेवलं.

"शिकवली," ते म्हणाले. "मेथी निवडायलाही शिकवली. संध्याकाळी समोर बसवून घ्यायची. मला वाटलं, तिचे हात दुखतात."